हळदणकरांचा दिवा आवडतो, मग गायतोंडे का कळू नयेत?

प्रश्न असा आहे: "मला हळदणकरांचं, हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र फार आवडतं. पण मुंबईत गायतोंडेंच्या, ओळखू येईल अशी कुठलीही वस्तू नसलेल्या एका कॅनव्हाससमोर उभी राहिले तेव्हा मनात काहीच हललं नाही. मी चित्रकला शिकलेली नाही. अशी चित्रं समजून कशी घ्यायची? की ती आमच्यासारख्यांसाठी नसतातच?"

हळदणकरांचं चित्र ज्या नजरेनं तुम्हाला आवडलं, तीच नजर गायतोंडेंसमोर वापरायची आहे. त्यासाठी दुसरी कुठली खास नजर कमवावी लागत नाही. मी आयुष्यभर जलरंगात काम केलं आणि बराच काळ चित्रकला शिकवली. वर्गात नवी आलेली मुलं असोत की प्रदर्शन बघायला आलेले त्यांचे आईवडील, अडचण बहुतेकांची एकच असते. आपल्याला एखादं चित्र नक्की कशामुळे आवडलं, हे त्यांनी कधी निरखलेलं नसतं. म्हणून आधी तुमच्या आवडत्या चित्राकडेच जरा नीट बघू.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) मूळचे सावंतवाडीचे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि जलरंगातले दिग्गज म्हणून ओळखले गेले. 'ग्लो ऑफ होप' नावानं प्रसिद्ध असलेलं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच मॉडेल म्हणून उभी राहिली होती. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचं समजतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण रविवर्म्याची नावाजलेली चित्रं तैलरंगातली आहेत, हे जलरंगातलं आहे, आणि या चित्राचा सगळा कस त्या माध्यमात आहे.

हे चित्र का आवडतं असं विचारलं की लोक म्हणतात, "किती हुबेहूब!" पण हुबेहूब तर फोटोही असतो. दिवा घेतलेल्या मुलीचे फोटो दिवाळीत शेकड्यांनी निघतात आणि आपण ते पुढे सरकवतो. इथे आपण थांबतो ते उजेडासाठी. आता हा उजेड कागदावर आला कुठून ते बघा.

पारदर्शक जलरंगाच्या पद्धतीत पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरा म्हणजे कागद. रंग पाण्यात पातळ करून त्याचा थर, म्हणजे वॉश, कागदावर देतात. उजेड त्या थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातून गाळून परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. जलरंगाला जो आतून उजळल्यासारखा गुण असतो तो याच्यामुळे. तैलरंगात अंधार रंगवून झाल्यावर वरून उजेडाचा ठिपका ठेवता येतो. जलरंगात तसं नाही. जिथे सगळ्यात जास्त उजेड हवा ती जागा पहिल्या वॉशच्या आधी ठरवावी लागते आणि शेवटपर्यंत जपावी लागते. एकदा तिथे रंग गेला की कागदाचा तो कोरेपणा पूर्णपणे परत मिळत नाही. अशा माध्यमात, हाताच्या आडोशानं झाकलेली ज्योत आणि बोटांच्या कडांमधून झिरपणारा तांबूस उजेड रंगवायला घेणं हे धाडस होतं. जलरंग हाताळलेल्या माणसाला त्या बोटांपाशी आजही श्वास रोखावासा वाटतो.

याची परीक्षा घरी करता येते. या चित्राची चांगली छपाई मिळवा. साध्या कागदाच्या पट्ट्यांनी हाताभोवतालचा सगळा काळोखा भाग झाका आणि फक्त उजळ बोटं दिसू द्या. ती एकदम फिकट, थोडी आजारी दिसतील. पट्ट्या काढल्या की पुन्हा पेटतील. म्हणजे ती चमक बोटांच्या रंगात नव्हती. बोटं आणि अंधार यांच्या नात्यात होती. आमच्या भाषेत याला टोनचा, म्हणजे गडद-उजळपणाचा, हिशेब म्हणतात. मग कडा बघा. दिव्याजवळच्या कडा स्पष्ट आहेत, लांब जाल तशा त्या मऊ होतात आणि काही ठिकाणी पार्श्वभूमीत विरघळतात. जिथे कडा तीक्ष्ण असते तिथे डोळा आधी जातो, म्हणून तुमची नजर चित्रभर फिरूनही त्या हातापाशीच परत येते. तिसरी गोष्ट, ऊब. दिव्याजवळ तांबूस-पिवळी छटा, त्यापासून लांब थंड छटा. या दोन तापमानांमुळे खोलीत रात्र आहे हे सांगावं लागत नाही.

आता लक्षात घ्या, आत्तापर्यंत मी मुलीबद्दल जवळजवळ काहीच बोललेलो नाही. टोन, कडा, ऊब, कागदाचा जपलेला कोरेपणा, नजरेला दिलेली वाट, एवढंच बोललो. तरी तुम्हाला आवडणाऱ्या गोष्टीचा मोठा भाग त्यात आला. मुलगी महत्त्वाची आहेच. तिच्या चेहऱ्यावरचा शांतपणा कुणी नाकारणार नाही. पण तो शांतपणा आपल्यापर्यंत पोचवण्याचं काम या बाकीच्या गोष्टी करतात, आणि त्या कुठल्याही वस्तूवर अवलंबून नसतात.

ही जाण आपल्याकडे फार जुनी आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात एक श्लोक येतो: 'रेखां प्रशंसन्त्याचार्या वर्तनां च विचक्षणाः'. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, म्हणजे छटांनी उठाव आणण्याच्या कौशल्याची. पुढे म्हटलंय की स्त्रियांना दागिने हवे असतात आणि इतर लोकांना रंगांची श्रीमंती. स्त्रियांबद्दलचा तो शेरा मला अजिबात मान्य नाही; माझ्या वर्गातल्या रेषा ओळखणाऱ्या सर्वांत पक्क्या नजरा मुलींच्या होत्या. पण त्या श्लोकातला क्रम विचार करण्यासारखा आहे. चित्रात काय काढलंय याचा त्यात उल्लेखच नाही. कसं काढलंय, त्यावरच पाहणाऱ्याची पारख ठरवली आहे.

तर आता गायतोंडे. वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) जन्मले नागपुरात, घराणं गोव्याचं. जे. जे. मधून १९४८ साली पदविका घेतली, म्हणजे हळदणकर ज्या शाळेत शिकले तीच शाळा. सुरुवातीला त्यांनी माणसं काढली, भारतीय लघुचित्रांचा अभ्यास केला, पाउल क्ले या चित्रकाराचा प्रभाव घेतला. मग हळूहळू आकृती गळत गेल्या. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला राहिले, नंतर दिल्लीत स्थायिक झाले आणि तिथे एकांतात काम करत राहिले. झेन विचार, रमण महर्षी आणि मुंबईचे निसर्गदत्त महाराज यांच्याबद्दल त्यांना ओढ होती. हा तपशील महत्त्वाचा आहे, पण तो घेऊन चित्रासमोर जाऊ नका. नाहीतर तुम्ही कॅनव्हासवर ध्यान शोधत बसाल आणि रंग बघायचा राहून जाईल.

त्यांची पद्धत समजून घेतली तर जास्त उपयोग होईल. गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीनं, काम करत. पातळ तैलरंगाचा थर द्यायचा, त्यावर दुसरा, कुठे ओला रंग खरवडून काढायचा. वर्तमानपत्राचे किंवा मासिकांचे कागद फाडून-कापून त्यांच्यामार्फत रंग कॅनव्हासवर उतरवायचा किंवा उचलून घ्यायचा. त्यामुळे त्या पृष्ठभागावर जे आकार तरंगताना दिसतात, ते ब्रशनं काढलेले वाटतच नाहीत. ते आतून वर आल्यासारखे किंवा आत बुडत चालल्यासारखे दिसतात. थर इतके पातळ असतात की उजेड त्यांच्यातून आत शिरतो आणि खालच्या थरावरून परत येतो. आठवलं ना? हळदणकरांच्या कागदावर जे घडतं त्याचंच हे भावंड आहे. माध्यम वेगळं, काळ वेगळा, हेतू वेगळा, पण उजेड रंगवण्याऐवजी तो थरांच्या आत साठवायचा ही युक्ती एकाच जातीची. मला या दोन चित्रकारांमध्ये भिंत कधीच दिसली नाही.

त्यांचे बरेचसे प्रौढ काळातले कॅनव्हास उभे आहेत, साधारण पाच फूट उंचीचे. म्हणजे समोर उभं राहिलं की चित्र आपल्या अंगाच्या मापाचं होतं. हे मोबाइलच्या पडद्यावर संपूर्ण हरवतं. पडद्यावर गायतोंडे बघून "यात काय आहे?" असं कुणी विचारलं तर त्याचं चुकत नाही, कारण पडद्यावर खरंच फारसं काही उरत नाही. थरांची खोली जाते, पोत सपाट होतो, रंग बदलतो. हळदणकरांचं चित्र छपाईत बरंचसं तगतं. गायतोंडेंचं तगत नाही. म्हणून मूळ चित्रच बघा.

मूळ चित्रासमोर गेलात की आधी लांब उभ्या राहा आणि डोळे किलकिले करा. तपशील पुसला जातो आणि मोठे गडद-उजळ भाग उरतात. बघा, वजन कुठे आहे? वर, खाली, मधल्या पट्ट्यात? चित्र खाली बसतंय की वर उचललं जातंय? मग हळूहळू जवळ जा. एका ठिकाणी चित्राचा एकसंध धूसरपणा फुटतो आणि कामाच्या खुणा दिसायला लागतात: रोलरचा माग, खरवडल्याची कड, कागद उचलल्यानंतर राहिलेला ठसा. तिथे थांबून स्वतःला विचारा, यातला कुठला थर आधी आला असेल? कुठला शेवटी? चित्रकार कुठे थांबला? या प्रश्नांची उत्तरं चित्रातच असतात, भिंतीवरच्या पाटीवर नसतात. पाटीवर बहुधा 'अनटायटल्ड' आणि साल एवढंच असतं. मग पुन्हा मागे या. दुसऱ्यांदा मागे आल्यावर दिसणारं चित्र पहिल्यासारखं नसतं, कारण आता तुम्हाला त्या धूसरपणाच्या आतली रचना माहीत झालेली असते.

यात दहा मिनिटं सहज जातात. तेवढा वेळ एका चित्राला द्या आणि त्या दिवशी चार-पाचच चित्रं बघा. शंभर चित्रांसमोरून चालत गेल्यानं पाय दुखतात, बाकी काही होत नाही.

"यात समुद्र दिसतो का, धुकं दिसतं का?" असं पुष्कळ लोक विचारतात. दिसलं तर दिसू द्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गायतोंडेंच्या साठच्या दशकातल्या काही चित्रांत आडवे पट्टे आहेत आणि क्षितिजाची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पण स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणं पसंत करत. कुठल्या तरी दृश्यातून गाळून उरलेलं ते चित्र नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून समुद्र दिसल्यावर "सुटलं एकदाचं कोडं" म्हणून पुढे जाऊ नका. समुद्राची आठवण कशामुळे आली, कुठल्या पट्ट्यामुळे, कुठल्या विरघळलेल्या कडेमुळे, ते शोधा. तिथून खरं पाहणं सुरू होतं.

एकदम गायतोंडेंवर उडी नको वाटत असेल तर मध्ये प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) बघा. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, अशा ओळखीच्या वस्तू असतात, पण त्या मोठ्या मोकळ्या जागेत अशा ठेवलेल्या असतात की वस्तूपेक्षा तिच्याभोवतालची रिकामी जागा बोलायला लागते. एनॅमल रंगाचा तो सपाट, घट्ट पृष्ठभागही बघण्यासारखा आहे. पान ओळखू येतं म्हणून मन निर्धास्त होतं, आणि मग आपोआप पान आणि घड्याळ यांच्यातल्या अंतराकडे लक्ष जातं. माझ्या अनुभवात, ज्यांना बरवे आवडायला लागतात त्यांना गायतोंडेंपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नातला शिक्षणाचा भाग. माहिती लागते का? चित्राच्या जातीवर ते अवलंबून आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक ही बुद्धाच्या पूर्वजन्माची कथा रंगवलेली आहे. राजपुत्र आपला हत्ती देऊन टाकतो, वनवासात जातो, शेवटी पोटची मुलंसुद्धा दान करतो. ही कथा ठाऊक नसेल तर त्या भिंतीवर तुम्हाला गर्दी दिसेल. ठाऊक असेल तर त्याच गर्दीतला एकेक चेहरा का झुकलाय हे कळेल. तिथे आधी वाचून जा, नक्की जा. मात्र पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर कथा बाजूला ठेवून फक्त भुवईपासून नाकाकडे येणारी रेषा बघा, आणि गालावर छटेनं आणलेला उठाव बघा. चित्रसूत्रातली रेखा आणि वर्तना तिथे दीड हजार वर्षं टिकून आहेत, तेही मातीच्या गिलाव्यावर. गायतोंडेंच्या बाबतीत क्रम उलटा ठेवा: आधी बघा, मग घरी येऊन वाचा.

पैशांचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो मनात असतोच. २०२१ मध्ये गायतोंडेंचं १९६१ सालचं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटी रुपयांना विकलं गेलं. ते गायतोंडेंच्या निधनानंतर वीस वर्षांनी. ते स्वतः साधेपणानं जगले, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करत. मागणी वाढली आणि चित्रं थोडी, म्हणून किंमत चढली. किमतीवरून चित्र थोर ठरत नाही, तसंच किंमत अवाच्या सवा वाटते म्हणून ते ढोंगही ठरत नाही. चित्रासमोर असताना आकडा डोक्यातून काढून टाकता आला तर फार बरं.

आणि सगळी अमूर्त चित्रं चांगली असतात असं मी अजिबात म्हणणार नाही. वाईट अमूर्त चित्रं भरपूर आहेत. गायतोंडेंसारखा धूसर रोलर फिरवून, मध्ये दोन-चार गूढ आकार सोडून केलेले कॅनव्हास मी इतके पाहिले आहेत की लांबूनच ओळखू येतात. सोफ्याच्या रंगाशी जुळणारं चित्र म्हणून त्यांची विक्रीही होते. त्यांच्यात आणि खऱ्या कामात फरक कसा ओळखायचा? मी तळहातानं चित्राचा एक भाग दृष्टीआड करतो, अर्थात लांबूनच, चित्राला हात न लावता. तो भाग झाकल्यावर उरलेलं चित्र डळमळलं, काहीतरी मागायला लागलं, तर त्या भागाची तिथे गरज होती. कुठलाही भाग झाकला आणि काहीच बिघडलं नाही, तर ते चित्र नुसतं रंगवलेलं कापड आहे. हळदणकरांच्या चित्रावर हीच परीक्षा करा: अंधार झाकला की दिवा विझतो. दुसरं, चांगलं चित्र पाचव्या मिनिटाला पहिल्या मिनिटापेक्षा जास्त देतं. परिणामासाठी केलेलं चित्र सगळं पहिल्याच क्षणी देऊन मोकळं होतं. तिसरं, हाताला आलेली सवय आणि घेतलेला निर्णय यांतला फरक. एकाच चित्रकाराची दहा चित्रं शेजारी बघायला मिळाली की हा फरक उघडा पडतो, म्हणून एखाद्याचं पूर्वलक्ष्यी, म्हणजे आयुष्यभराच्या कामाचा आढावा घेणारं, प्रदर्शन लागलं तर चुकवू नका. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४-१५ मध्ये गायतोंडेंचं असं मोठं प्रदर्शन झालं होतं. बरव्यांचं २०१९ मध्ये मुंबईतच, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं.

एवढं करूनही गायतोंडे आवडले नाहीत तर? मग नाही आवडले. माझेही काही नावाजलेले चित्रकार आहेत ज्यांच्याकडे मी आदरानं बघतो आणि पुढे जातो. फक्त, "कळलं नाही" आणि "नीट बघितलं, पण माझं नाही" यांपैकी आपण नक्की काय म्हणतोय ते स्वतःशी स्पष्ट असावं.

एक काम मात्र हातानं करून बघा, कारण त्यानं जे कळतं ते माझ्या या लांबलचक उत्तरानं कळणार नाही. जाडसर जलरंगाचा कागद आणि एकच तपकिरी रंग घ्या, बर्न्ट अंबर चालेल. कागदावर रुपयाएवढी जागा कोरी सोडून बाकी सगळीकडे पातळ वॉश द्या. पूर्ण वाळू द्या. त्यावर दुसरा वॉश, त्या कोऱ्या जागेपासून थोडं लांबून. पुन्हा वाळवा. असे पाच-सहा थर. थर ओला असताना पुढचा देऊ नका, खालचा उखडतो आणि रंग मळतो. काहीही आकृती काढायची नाही. सहाव्या थराला ती कोरी जागा उजळायला लागेल, आणि कुठे थांबायचं हा प्रश्न तुमच्या हातात येईल. सातवा थर देऊन मी अनेक विद्यार्थ्यांचा उजेड मारला गेलेला पाहिलाय.

मुंबईत असाल तर काळा घोड्याजवळ, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जिथे जहांगीर निकल्सन यांचा आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह ठेवलेला आहे. मांडणी बदलत असते, म्हणून सध्या कुणाची चित्रं लावलेली आहेत ते आधी विचारून घ्या. कुणाला तरी सोबत न्या आणि एकमेकींना "कसं वाटलं?" विचारण्याऐवजी "तुला काय दिसलं?" असं विचारा, दोघींना दिसलेल्या गोष्टी जुळत नाहीत, आणि मग दोघी परत चित्राकडे वळता. सकाळी जा, गर्दी कमी असते. सोमवारी आधुनिक कला संग्रहालय बंद असतं.